इसब झालाय? आधी कुठे झालाय ते बघा

मावशीच्या डाव्या हाताची तीन बोटं जवळजवळ दोन वर्षं फुटलेली होती. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. टोकांची कातडी जाड, खरखरीत, मधूनच चीर जाऊन रक्त यायचं. वरणावर लिंबू पिळायचं झालं तरी ती दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायची. उजवा हात मात्र स्वच्छ. घरात जो तो आपापलं निदान सांगत होता: उष्णता झालीय, रक्तात दोष आहे, भांड्यांच्या साबणाने होतंय. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवायला लावले, थोडा वेळ नुसतं पाहिलं आणि विचारलं, "काकू, लसूण रोज किती सोलता?"

मावशी घरी चटण्या करून विकते. रोजचा अर्धा-पाऊण किलो लसूण तिच्या हातून जातो. पाकळी डाव्या हाताच्या त्याच तीन बोटांत धरायची, सुरी उजव्या हातात. साबण दोन्ही हातांना लागतो. लसणाचा रस सतत लागतो तो पाकळी धरणाऱ्या बोटांनाच.

तेव्हापासून कुणी मला विचारलं, "इसबावर काय लावू?", की मी आधी विचारते, "झालाय कुठे?" इसब हे एका आजाराचं नाव नाही. कातडीला दाह होऊन खाज सुटते, पुरळ उठतं, लस येते, खपली धरते, या सगळ्याला मिळून आपण इसब म्हणतो. त्यामागची कारणं वेगवेगळी असतात आणि बऱ्याचदा जागाच कारण सांगून जाते.

इसबाला इंग्रजीत एक्झिमा म्हणतात, आणि हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ उकळून वर येणं, ऊत जाणं. आपल्याकडे बिब्ब्याचं तेल अंगाला लागून फोड आले की "बिब्बा उतला" म्हणतात. कातडीकडे पाहून दोन्हीकडच्या माणसांना एकच गोष्ट सुचली. ताजा इसब खरोखर उतू गेल्यासारखा दिसतो: सुजलेला, बारीक फोडांचा, ओलसर. जुना झाला की कोरडा, जाड, चामड्यासारखा होतो आणि त्यावरच्या रेघा खोल दिसायला लागतात.

पुस्तकांत आणि इंटरनेटवर इसबाचे फोटो पाहिले तर बहुतेक गोऱ्या कातडीवरचे असतात, लालभडक. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर तो लाल दिसेलच असं नाही. काळपट, जांभळट, कधी राखाडी दिसतो. लाली नाही म्हणजे फार काही नाही, असं समजून अनेक जण महिनोन्‌महिने थांबतात. बरा झाल्यावर मागे राहणारा काळा किंवा फिका डागही कित्येक महिने टिकतो. लहान मुलांच्या गालांवर पुसटसे पांढरे, किंचित खरखरीत चट्टे दिसतात ना, ज्यांना घरातली मोठी माणसं "जंत झालेत" किंवा "कॅल्शियम कमी पडलं" म्हणतात, तोही बहुतेक वेळा इसबाचाच सौम्य प्रकार असतो. त्याचा जंतांशी संबंध नाही आणि ते कोडही नाही.

आता भिंतीची गोष्ट. कातडीचा सगळ्यात वरचा थर कागदाहूनही पातळ असतो, पण बांधणी विटांच्या भिंतीची. मेलेल्या, चपट्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. भिंत शाबूत असेल तर आतलं पाणी आत आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू बाहेर राहतात. काही जणांची भिंत जन्मतःच कच्ची असते. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असला तर कातडी कोरडी पडते आणि इसब होण्याची शक्यता बरीच वाढते. हे प्रथिन विटा घट्ट बसवतं आणि त्यांच्यात ओलावा धरून ठेवतं. ते कमी पडलं की भिंतीला फटी. फटींतून बाहेरचं काहीबाही आत शिरतं, शरीराची संरक्षक फौज खवळते, खाज सुटते. खाजवलं की भिंत आणखी ढासळते, की आणखी खाज. हे चक्र रात्री जास्त फिरतं, कारण अंथरुणाच्या उबेत खाज वाढते आणि झोपेत हात आवरता येत नाही.

घराण्यात चालत येणारा इसब तो हा. डॉक्टर त्याला ॲटोपिक डर्माटायटिस म्हणतात. बहुतेकांना वयाच्या पाचव्या वर्षाआधीच सुरू होतो आणि वयाप्रमाणे जागा बदलतो. तान्ह्या बाळाच्या गालांवर, कपाळावर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला उठतो, पण लंगोटाची जागा बहुतेक वेळा वाचते, कारण तिथे ओलावा असतो. मूल चालायला-पळायला लागलं की कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यामागच्या लवणीत जाऊन बसतो. मोठेपणी राहिलाच तर मान, पापण्या, हात. आईवडिलांपैकी कुणाला दमा, सकाळच्या शिंकांचा सपाटा किंवा लहानपणी इसब, असं काही ना काही सापडतं.

इथे एक समजूत मुळापासून काढायला हवी. "मलम लावून इसब दाबला की तो आत जातो आणि दमा होतो." माझ्या ओळखीत या एका वाक्यापायी मुलांना वर्षानुवर्षं खाजवत ठेवलंय. खरी गोष्ट अशी, की इसब, दमा आणि ॲलर्जीची सर्दी ही एकाच घरातली भावंडं आहेत. इसब सगळ्यात आधी जन्मतो, बाकीची मागून येतात. मलम सुरू केल्यावर वर्षभराने दमा दिसला की मलमावर आळ येतो, पण तो दमा ओळीत आधीपासूनच उभा होता. काही आत गेलेलं नसतं.

दुसरा आळ येतो आईवर. गरोदरपणात काय खाल्लं, दूध कसं पाजलं, तेल कोणतं लावलं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. घराण्यात ॲलर्जी असलेली १३९४ बाळं त्यात होती. त्यांतल्या निम्म्यांना जन्मापासून वर्षभर रोज अंगभर मॉइश्चरायझर लावलं. दोन वर्षांनी पाहिलं तर लावलेल्या आणि न लावलेल्या बाळांत इसबाचं प्रमाण जवळपास सारखंच. झालेल्या इसबाला मॉइश्चरायझर नक्कीच लागतं, पण "आधीपासून नीट लावलं असतं तर झालाच नसता" असं म्हणून कुठल्याही आईने स्वतःला खाऊ नये.

आणि खाण्याचं काय? आपल्याकडे अंगाला खाज म्हटली की आधी वांगं बंद, मग दही, मासे, शेंगदाणे. शेवटी मूल वरणभातावर येतं. तीव्र इसब असलेल्या काही तान्ह्या बाळांत दूध किंवा अंड्याची ॲलर्जी खरोखर भर घालते, आणि ती डॉक्टरांनी तपासून ठरवायची असते. बहुतेक मुलांत मात्र खाणं तोडून इसब जात नाही, मुलाचं वजन तेवढं जातं. रक्तात ॲलर्जीचा आकडा वर आला म्हणून वीस पदार्थांची यादी हातात घेऊन घरी येणंही चूक. तपासणीत दिसणं वेगळं आणि तो पदार्थ खाऊन त्रास होणं वेगळं.

आतून आलेल्या इसबाबद्दल इतकं पुरे. बाहेरून लागलेला इसब, म्हणजे संपर्काने होणारा, मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण ओळखू आलेली वस्तू टाळता आली, तर हा पुष्कळदा बरा होतो.

त्याच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे नुसतं झिजणं. दिवसभर पाण्यात हात, भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, ओलं सिमेंट. हे कुणालाही होऊ शकतं, प्रश्न फक्त किती आणि किती वेळ एवढाच. धुणीभांडी करणाऱ्या ताई, केस धुणाऱ्या पार्लरमधल्या मुली, दिवसातून पन्नास वेळा हात धुणाऱ्या नर्सेस, गवंडी, यांच्या हातांवर तो पहिल्यांदा बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली दिसतो, कारण साबण तिथे साचून राहतो.

दुसरी तऱ्हा ॲलर्जीची. ती सगळ्यांना होत नाही, पण ज्याला झाली त्याला मग थोडं लागलं तरी पुरतं. ती ओळखू येत नाही याची दोन कारणं. एक, पहिल्या भेटीत काहीच होत नाही. शरीर ती वस्तू आधी लक्षात ठेवतं आणि पुढे कधीतरी, कदाचित दहा वर्षांनी, चिडतं. त्यामुळे "वीस वर्षं हाच डाय लावतोय, आता कसा बाधेल?" हा प्रश्न चुकीचा. दुसरं, पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठतं. रविवारी लावलेल्या डायचा राग कपाळावर आणि कानांमागे मंगळवारी दिसतो, आणि आपण मंगळवारी काय खाल्लं ते आठवत बसतो.

म्हणून जागा बघायची. कानाच्या पाळ्या आणि गळ्याभोवती असेल तर खोट्या दागिन्यांतलं निकेल. बेंबीखाली रुपयाएवढा चट्टा असेल तर जीन्सचं धातूचं बटण किंवा पट्ट्याचं बक्कल, तेही निकेलच. पावलावर वरच्या बाजूला चपलेच्या पट्ट्याचा छाप उठला असेल तर रबरातली रसायनं किंवा चामडं कमावण्यासाठी वापरलेलं क्रोमियम. क्रोमियम सिमेंटमध्येही असतं. कपाळाच्या मधोमध असेल तर टिकलीचा डिंक किंवा कुंकवातले रंग; टिकलीच्या डिंकातल्या काही रसायनांनी तर कातडीचा रंगच उडतो आणि पांढरा ठिपका कायमचा राहू शकतो. लग्नसराईत काढतात त्या झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत बऱ्याचदा केसांच्या डायमधलंच पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस-तपकिरी येतो. पहिल्याच दिवशी कोळशासारखी काळी रंगणारी मेंदी मुलींच्या हातावर काढू देऊ नका.

आपल्या मातीतल्या वस्तूंचाही यात मोठा वाटा आहे. बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली झाडं. बिब्ब्याचं तेल, काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याच्या देठाचा चीक, तिन्ही कातडीला बाधतात. कोकणात काजू फोडणाऱ्या बायका हातांना राख किंवा तेल लावून बसतात ते यासाठीच. आंब्याच्या मोसमात पोरांच्या ओठांच्या कडेला उठतो तो व्रणही चिकाचाच. दुखऱ्या सांध्यावर किंवा पायातल्या काट्याच्या जागी बिब्बा लावण्याची पद्धत अजून आहे. तो उतला तर फोड, सूज आणि भाजल्यासारखे डाग, हे मी जवळून पाहिलंय.

पण सगळ्यात मोठी गोष्ट गाजर गवताची. अमेरिका खंडातलं हे तण भारतात ठळकपणे पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५० च्या दशकाच्या मध्यावर. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पुढच्या वीस वर्षांत पुण्यातल्या डॉक्टरांकडे एका नव्याच तऱ्हेच्या इसबाचे रुग्ण यायला लागले. बहुतेक शेतात, उघड्यावर काम करणारे पुरुष. चेहरा, मान आणि कोपरांच्या घड्या जाड होऊन काळवंडलेल्या. या गवतातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य वाळलेल्या झाडाच्या बारीक भुग्याबरोबर हवेत उडतं. गवताला हात लावायचीही गरज नाही, बांधावरून चालत गेलं तरी पुरतं.

हा इसब ओळखायचा कसा? चेहऱ्यावरचं पुरळ नुसत्या उन्हाचं असेल तर सावलीत राहणारे भाग वाचतात: वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग, कानांमागची जागा. हवेतून येणारा भुगा नेमका तिथेच जाऊन बसतो. म्हणून पापण्या सुजल्या, कानांमागे आणि हनुवटीखाली पुरळ आलं आणि शर्टाखालची छाती स्वच्छ राहिली, तर अंगणात, बांधावर, रस्त्याकडेला काय उगवलंय ते बघा. कारण सापडलं नाही तर काही वर्षांनी ऊनही सोसेनासं होतं आणि मग हा माणूस शेतात उभा राहू शकत नाही. त्याचं पोटच शेतावर असतं. गवत काढायचं तर पावसाळ्यात, फुलं धरण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. श्रमदानाच्या नावाखाली शाळकरी मुलांना उघड्या हातांनी गाजर गवत उपटायला लावतात तेव्हा माझा जीव वरखाली होतो.

बाकीचे प्रकार थोडक्यात. बोटांच्या कडांना आणि तळव्यांवर भिजल्या साबुदाण्यासारखे खोलवर बसलेले, भयंकर खाजणारे दाणे येतात तो एक. उन्हाळ्यात, घाम फार येणाऱ्यांना, मनावर ताण असताना तो उफाळतो. नाण्यासारखे गोल, ओलसर चट्टे पायांवर किंवा हातांवर उठतात तो दुसरा. डोक्यातला कोंडा, भुवया आणि नाकाच्या कडेची तेलकट पिवळसर खपली हा तिसरा. कातडीवर सगळ्यांच्याच असणारी एक यीस्ट बुरशी तिथे जोर धरते. बाळाच्या टाळूवरची जाड खपली त्यातलीच, ती बहुधा आपोआप जाते, नखाने खरवडू नका.

पायाचा इसब मात्र नीट पाहायला हवा. घोट्याच्या आतल्या बाजूला, वर नडगीपर्यंत काळपट-तपकिरी रंग, संध्याकाळी सूज, वर फुगलेल्या निळ्या शिरा. हा इसब शिरांचा आहे. रक्त वर चढवणाऱ्या झडपा सैल पडल्या की ते खाली साचतं आणि कातडी आजारी पडते. दिवसभर उभे राहणारे शिक्षक, वाहतूक पोलीस, हॉटेलातले आचारी यांना तो जास्त होतो. त्यावर नुसतं मलम लावत बसलं तर एक दिवस तिथे न भरणारी जखम होते. पाय उंच ठेवणं, डॉक्टरांनी मापून दिलेले घट्ट मोजे आणि शिरांचा इलाज, हे त्याचं खरं औषध. पण मोज्यांआधी पायाच्या रोहिण्यांतला रक्तपुरवठा चांगला आहे ना, हे तपासून घ्यावं लागतं.

आजी-आजोबांच्या नडगीवर थंडीत उन्हाळ्यातल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडतात. तिथे कढत पाणी आणि अंग घासायचा दगड थांबवला तरी निम्मं काम होतं.

आता जे इसब नाहीच, ते. कडा उठावदार, खवले धरलेल्या आणि मध्यभाग स्वच्छ, असं पसरत जाणारं वर्तुळ जांघेत, कमरेला दिसलं तर तो नायटा, म्हणजेच गजकर्ण. ती बुरशी आहे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ, रात्री असह्य खाज आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदमच, तर ती खरूज. तो किडा आहे, आणि औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करावं लागतं. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे दोन्ही लागतात.

घोळ होतो तो औषधाच्या दुकानात. "खाजेचं मलम द्या" म्हटलं की एक छोटी ट्यूब हातात पडते. तिच्यात तीव्र स्टिरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असतं. नायट्याला लावलं की स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि बुरशी आतल्या आत पसरते. महिन्याभराने वर्तुळात वर्तुळं, मांड्यांवर ताणाच्या पांढऱ्या रेघा, त्या कायमच्या. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घालणारी अधिसूचना काढली. तरी ट्यूब मिळतेच. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची ट्यूब आपल्या मुलाला लावू नका, हे मी हात जोडून सांगते.

याच कारणाने दुसऱ्या टोकाला स्टिरॉइडची धास्तीही तयार झालीय, आणि तीही तितकीच वाईट. डॉक्टरांनी बघून, जागेप्रमाणे ताकद ठरवून, ठरावीक दिवसांसाठी दिलेलं स्टिरॉइड मलम इसबावरचं भरवशाचं औषध आहे. किती लावायचं याचं सोपं माप आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची, ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं.

आणि भिंतीची डागडुजी रोज करायची. अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच क्रीम लावायचं. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत इसब असलेल्या मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम क्रीम सांगितलंय. आपल्याकडे पन्नास ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवतात आणि "क्रीमचा उपयोग झाला नाही" म्हणतात. महागडं परवडत नसेल तर साधी पेट्रोलियम जेली चांगली चालते. खोबरेल तेलाचाही सौम्य इसब असलेल्या मुलांना फायदा झाल्याचं फिलिपिन्समधल्या एका चाचणीत दिसलं होतं. मोहरीचं किंवा ऑलिव्हचं तेल मात्र नको, त्यांनी भिंत आणखी सैल होते. कडुनिंबाचा काढा, लिंबू, जंतुनाशक द्रव चिघळलेल्या कातडीवर ओतू नका.

इसब असलेल्या मुलाला ताप आला आणि अंगावर एकसारखे, मध्ये खळगा असलेले, दुखणारे फोड पटापट वाढायला लागले तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि त्यात तास महत्त्वाचे असतात.

मावशीची पॅच टेस्ट झाली. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांतून संशयित पदार्थ चिकटवतात, ४८ तास पाठ भिजवायची नाही, मग चकत्या काढून बघतात आणि दोन दिवसांनी पुन्हा बघतात. लसणाच्या चकतीखाली लाल, खाजरा उठाव आला. आता लसूण सोलायला शेजारची मुलगी येते, आणि मावशीने डॉक्टरांनी दिलेलं मलम तीन आठवडे लावलं. लसणातलं ॲलर्जी आणणारं द्रव्य पातळ रबरी हातमोज्यांतून आरपार जातं म्हणून मोजे घालूनही तिला पूर्वी काही फरक पडला नव्हता, हे तिथेच कळलं. तुम्हाला कुणी ही टेस्ट सांगितली तर जाताना घरातलं सगळं पिशवीत भरून न्या: टिकलीचं पाकीट, डायचा डबा, कपड्यांची पावडर, पायातली चप्पल, आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी.